किंमत कशाची आणि कोणत्या तारखेची?

घटस्फोटाच्या कामात व्हॅल्युअरला, म्हणजे मालमत्तेची किंमत काढून देणाऱ्याला, येणारा पहिला फोन बहुधा एकाच वाक्याचा असतो. ‘फ्लॅटची किंमत काढून हवी आहे, किती दिवसांत द्याल?’ फ्लॅट पाहायला एक तास आणि रिपोर्टला चार-सहा दिवस लागतात. पण त्याआधी दोन गोष्टी कागदावर ठरल्या नाहीत तर तो रिपोर्ट भांडणात आणखी एका कागदाची भर घालतो, एवढंच. पहिली गोष्ट, किंमत नेमकी कशाची. दुसरी, कोणत्या तारखेची. आमच्या कामातले निम्मे वाद दरावरून नसतात, हे दोन प्रश्न कुणी विचारलेच नाहीत म्हणून असतात.

तारखेपासून सुरुवात करू. नवरा-बायको तीन वर्षांपासून वेगळे राहतायत, अर्ज गेल्या वर्षी दाखल झालाय आणि तडजोडीची बोलणी आत्ता चालली आहेत. घराचा भाव या तिन्ही वेळी वेगळा होता. जो घर सोडून गेला त्याला आजचा भाव हवा असतो. जो मागे राहून एकट्याने हप्ते भरतोय त्याला वेगळं झाल्या दिवसाचा हवा असतो. कोणती तारीख धरायची हे आपल्याकडे कायद्यात लिहिलेलं नाही, ते दोघांना किंवा कोर्टाला ठरवावं लागतं. तारखेवर एकमत होत नसेल तर एकाच रिपोर्टात दोन तारखांचे आकडे मागावेत. मागच्या तारखेचं मूल्यांकन अवघड नसतं, कारण त्या काळात आसपास झालेल्या व्यवहारांच्या नोंदी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टूच्या (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) रूपात मिळतात. मात्र घराची तेव्हाची अवस्था कशी होती याला पुरावा लागतो. जुने फोटो किंवा रंगकामाची, दुरुस्तीची बिलं असतील तर द्यावीत.

आता ‘कशाची’. बँकेच्या पॅनलवरच्या व्हॅल्युअरने टॉप-अप लोनसाठी (चालू गृहकर्जावरच्या वाढीव कर्जासाठी) केलेला जुना रिपोर्ट पुष्कळ जण पुढे करतात. तो इथे चालत नाही. बँकेच्या रिपोर्टात बहुतेकदा तीन आकडे असतात: बाजारमूल्य, प्रत्यक्षात हातात येऊ शकेल अशी किंमत आणि घाईने विकावं लागलं तर मिळेल ती किंमत. यातला शेवटचा आकडा सगळ्यात कमी असतो, आणि तो बँकेने स्वतःच्या बचावासाठी मागवलेला असतो. घर ज्याला ठेवायचं आहे तो नेमका तोच आकडा दाखवतो. तडजोडीत घर विकलं जाणारच नसेल, तर घाईच्या विक्रीचा आकडा लावायला काही कारण नाही. म्हणून नेमणुकीच्या पत्रात ‘खुल्या बाजारातील रास्त मूल्य, कौटुंबिक वाटणीसाठी’ असे शब्द हवेत. रिपोर्टाच्या पहिल्या पानावर हेतू म्हणूनही तेच यायला हवं.

व्हॅल्युअर कोण हेही आधीच पाहून घ्यावं. संपत्तीकर रद्द होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या कायद्याच्या कलम ३४एबीखाली नोंदणी झालेले व्हॅल्युअर अजून काम करतात. कंपनी कायद्याच्या कलम २४७ आणि २०१७च्या नियमांनुसार आयबीबीआय या केंद्रीय दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी असलेले वेगळे. ‘जमीन व इमारत’ या वर्गातली नोंदणी आणि तिचा क्रमांक रिपोर्टावर असावा. एरिया माहीत असलेला दलाल तोंडी भाव बरोबर सांगतोही, पण उलटतपासणीत तो उभा राहू शकत नाही. कुटुंब न्यायालय पुराव्याच्या बाबतीत बरंच सैल असतं. १९८४च्या कायद्याचं कलम १४ त्याला कोणताही उपयोगी अहवाल विचारात घेऊ देतं. तरीही समोरच्याने आकड्याला हरकत घेतली की रिपोर्टावर सही करणाऱ्यालाच कोर्टात यावं लागतं. साक्षीला येण्याची तयारी आहे का आणि त्याची फी किती, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

दोघांनी आपापला व्हॅल्युअर आणायचा की दोघांत एक, यावर माझं मत पक्कं आहे. संमतीने घटस्फोट असेल तर एकच. पत्र दोघांच्या सहीचं, फी निम्मी-निम्मी, ठोक आणि आगाऊ. टक्केवारीवर नको, कारण किंमत वाढली की फी वाढते आणि पैसे देणाऱ्या बाजूला मग त्याचाच संशय येतो. कागद मागणारा मेल दोघांना एकदमच जावा, रिपोर्टही एकाच वेळी. एकाला आदल्या रात्री ‘अंदाजे आकडा’ फोनवर सांगितला की त्या रिपोर्टाचा उपयोग संपला. दोन स्वतंत्र रिपोर्ट आलेच, तर त्यांच्यात काही टक्क्यांचा फरक असणं नेहमीचं आहे, त्याची सरासरी काढून चालतं. फरक पंचवीस-तीस टक्क्यांचा असेल तर सरासरी काढू नये. कुणीतरी क्षेत्रफळात चूक केलेली असते.

आणि ती चूक नव्वद टक्के एकाच जागी होते. जुन्या करारनाम्यात ‘सेलेबल ९५० चौ. फू.’ लिहिलेलं असतं, म्हणजे भिंती, जिना, लॉबी यांचा वाटा धरून. प्रत्यक्ष मोजलं तर आतलं चटई क्षेत्र ६५ चौ. मी. भरतं, म्हणजे ७०० चौ. फू. (एक चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फू.). त्या भागात कार्पेटवर, म्हणजे चटई क्षेत्रावर, फुटाला १४,००० रुपयांचा भाव चालू असेल, तर घराचे ९८ लाख होतात. सेलेबलवर तोच भाव साधारण १०,३०० निघतो. मग कुणीतरी कार्पेटचा भाव सेलेबल क्षेत्राला लावतो आणि १ कोटी ३३ लाखांचा आकडा टेबलावर येतो. पस्तीस लाखांचा वाद, आणि त्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू झाल्यापासून आणखी एक भर पडली. रेराच्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात, पण स्वतःची बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. त्याआधीच्या करारांत बऱ्याचदा उलटं असायचं. त्यामुळे रिपोर्टात क्षेत्रफळ कशाचं, कोणत्या व्याख्येने आणि कुणी मोजलं, हे तिन्ही लिहिलेलं असावं. तुलनेसाठी घेतलेल्या फ्लॅटांचं क्षेत्रही त्याच व्याख्येत बदलून घेतलेलं असावं.

कागदांची यादी मोठी नाही, पण एकही कागद राहिला की काम अडतं. नोंदलेला करारनामा किंवा खरेदीखत आणि त्याची इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू मिळकतकराचं बिल, सोसायटीचं शेवटचं मेंटेनन्स बिल आणि पार्किंग वाटपाचं पत्र, एवढं लागतं. कर्ज असेल तर बँकेचं फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचा हिशेब. मूळ कागद बँकेत असतात, त्यांच्या प्रती मिळवायला वेळ जातो. इंडेक्स टू मात्र कुणालाही ऑनलाइन काढता येते. समोरचा कागद देत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

पाहणीच्या दिवशी दोघांनी हजर राहावं किंवा लेखी प्रतिनिधी पाठवावा. वेळ मुलं शाळेत असतानाची ठेवावी. फुटपट्टी घेऊन आलेला अनोळखी माणूस आपल्या खोलीत फोटो काढतोय हे मुलांनी बघायची गरज नाही. व्हॅल्युअरशी भावाबद्दल बोलू नये, त्यानेही बोलू नये. लेझर मीटरने दोन बेडरूमचं घर मोजायला पाऊण तास पुरतो. मापं भिंतीच्या पूर्ण झालेल्या गिलाव्यापासून घ्यायची. कपाटं भिंतीत बसवलेली असली की लेझरचा ठिपका कपाटावर पडतो आणि खोली दोन फुटांनी लहान होते. अशा वेळी टेप लावावी लागते. ड्राय बाल्कनी किचनमध्ये घेतली आहे का, टेरेसला काच लावून खोली केली आहे का, शेजारचा फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली आहे का, हे मंजूर नकाशाशी ताडून बघायचं. नकाशात नसलेल्या बांधकामाला पूर्ण भाव लावत नाहीत. तो भाग वेगळ्या ओळीत दाखवतात, कारण खरेदीदाराची बँक त्यावर कर्ज देणार नाही.

ओलीचं सांगतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराची पाहणी जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये व्हावी. एप्रिलमध्ये छत कोरडं आणि भिंती नव्या रंगाच्या असतात. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिच्यामागे काय आहे ते विचारायचं. बहुधा बाथरूमच असतं. छताच्या स्लॅबला पोपडे येऊन सळई दिसत असेल, पार्किंगमधल्या कॉलमला उभी भेग असेल, तर तो मुद्दा एका फ्लॅटपुरता राहत नाही, सबंध इमारतीच्या दुरुस्तीवर जातो. सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असेल तर मागून घ्यावा. येणारी दुरुस्ती-वर्गणी उद्या घर ठेवणाऱ्याच्या डोक्यावर बसणार असते. एखादी खोली कुलूपबंद ठेवली गेली तर रिपोर्टात ‘पाहता आली नाही’ एवढंच लिहितात, कुणी बंद ठेवली याचा तर्क करत नाहीत. घरात पाऊलच ठेवू दिलं नाही तर कोर्टाला विनंती करून स्थानिक तपासणीसाठी कमिशनर नेमता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ मध्ये मालमत्तेचं बाजारमूल्य काढण्याचा उल्लेखच आहे.

आता भाव कसा ठरतो. लोक पोर्टलवरच्या जाहिराती आणि रेडीरेकनर ही दोन टोकं घेऊन येतात. जाहिरातीतली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. रेडीरेकनर म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने धरलेला दर. तो बांधीव क्षेत्रावर असतो आणि रेराच्या चटई क्षेत्राला १.१ ने गुणून ते काढतात. वरच्याच फ्लॅटचं उदाहरण घ्या. ६५ चौ. मी.चे ७१.५ होतात. त्या झोनचा दर चौ. मी.ला १,०५,००० धरला तर ७५ लाखांच्या थोडं वर येतं. बाजारात तेच घर ९८ लाखांचं. यातला कुठलाच आकडा चुकीचा नाही, फक्त रेडीरेकनरचा आकडा वेगळ्या कामाचा आहे. वाटणीसाठी तो वापरायचा हट्ट धरणारा माणूस बहुतेकदा दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणारा असतो.

व्हॅल्युअरने खरं काम करायचं ते इंडेक्स टूवर. त्याच इमारतीतले किंवा शेजारचे, गेल्या वर्षभरातले किमान तीन व्यवहार घ्यायचे. इथे एक खड्डा आहे, नवखे त्यात हमखास पडतात. इंडेक्स टूमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. बाजारभाव या नावाने फसू नका, तो रेडीरेकनरवरून काढलेला असतो. प्रत्यक्ष व्यवहाराचा आकडा म्हणजे मोबदला. जुन्या रिसेलमध्ये सगळी रक्कम कागदावर आलेलीच असते असं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी लिहीत नाही. म्हणून बँकेच्या कर्जावर झालेले व्यवहार तुलनेला बरे. समोर चालू असलेल्या नव्या बांधकामातला भाव जसाच्या तसा घेऊ नये. तिथे जीएसटी वेगळा, क्लबहाउस वेगळं आणि ताबा तीन वर्षांनी.

तुलना प्रत्यक्षात कशी चालते ते एका व्यवहारावर दाखवतो, आकडे समजण्यापुरते. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा ७०० चौ. फुटांचाच फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ९५ लाखांना गेला, झाकलेल्या पार्किंगसह. पार्किंगचे ५ लाख वजा केले की ९० लाख, म्हणजे फुटाला १२,८५७. आठ महिन्यांत त्या भागात भाव ४ टक्के चढले असतील तर १३,३७१. आपला फ्लॅट सहाव्या मजल्यावर, उजेड-वारा चांगला, त्याचे ३ टक्के धरले की १३,७७२. शेजारच्या नव्या इमारतीतल्या व्यवहारातून वयाचे काही टक्के कमी करून १४,००० निघतात, रस्त्यापलीकडच्याचे १४,१००च्या आसपास. मग १४,००० धरले जातात. प्रत्येक टक्क्यासमोर कारण लिहिलेलं असावं. ‘अनुभवावरून’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट वकील पाच मिनिटांत फाडतात, आणि फाडावाच.

पार्किंगच्या ५ लाखांवर स्वतंत्र प्रश्न येतो. करारात झाकलेली पार्किंग असेल तर तिला किंमत आहे. सोसायटीने दरवर्षी चिठ्ठ्या टाकून दिलेली जागा असेल तर मालकी नाही, फक्त सोय आहे. मोफाखालच्या (महाराष्ट्राच्या रेराआधीच्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या) जुन्या इमारतींत बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा, फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलं आहे. तेव्हा बिल्डरच्या पावतीवरून तिची किंमत धरताना जपून.

फर्निचरचं वेगळं परिशिष्ट करावं. मॉड्युलर किचन, भिंतीतली कपाटं, फॉल्स सिलिंग घराबरोबर जातात. आठ लाखांचं इंटिरिअर सात वर्षांनी दोन लाखांनी घराची किंमत वाढवत असेल तर पुष्कळ झालं. खर्च म्हणजे किंमत नव्हे, ही गोष्ट बिलांची फाइल घेऊन बसलेल्या माणसाला पटवणं जड जातं. सोफा, फ्रिज, स्त्रीधनाचे दागिने आणि भांडी यांचा घराच्या रिपोर्टाशी संबंध नाही.

हे सगळं झाल्यावर जो आकडा येतो तो घराचा असतो, हिश्श्याचा नसतो. इथे गैरसमज फार. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला म्हणून घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. लग्नाच्या निमित्ताने दोघांना मिळून आलेल्या मालमत्तेबद्दल कलम २७ आहे. बाकी करारावर कोणाची नावं, पैसे कोणी भरले, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, यावर ठरतं. बायकोच्या नावावर नवऱ्याने आपल्या उघड उत्पन्नातून घेतलेलं घर बेनामी ठरत नाही, त्यामुळे ‘नाव तिचं, पैसे माझे’ हा दावा ऐकला जातो, उलटाही ऐकला जातो. गोव्यात मात्र चित्र वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेखाली, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची संपत्ती सामाईक धरतात, आणि लग्न मोडल्यावर प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. वाटणी इन्व्हेंटरीच्या कामकाजात होते. मालमत्तेची यादी, मूल्यांकन, आणि गरज पडली तर हितसंबंधितांमध्येच बोली. व्हॅल्युअरचा आकडा तिथे बोलीची पायरी ठरतो, समोरच्याला तो कमी वाटला तर चढवायची मुभा असते. ही पद्धत मला आपल्यापेक्षा प्रामाणिक वाटते. महाराष्ट्रात जवळपास तसंच काहीसं १८९३च्या पार्टिशन ॲक्टच्या कलम २ आणि ३ मधून घडू शकतं. एकजण विक्री मागतो, दुसरा मूल्यांकनाच्या किमतीला त्याचा हिस्सा घेण्याची परवानगी मागतो. पण तिथवर जायला वर्षं जातात.

कर्ज वजा करताना रिपोर्टाच्याच तारखेची बाकी घ्यावी. घर ९८ अधिक पार्किंग ५, एकूण १ कोटी ३ लाख. बाकी कर्ज ३१ लाख. उरले ७२. निम्मे ठरले असतील तर ३६. इतकं सरळ क्वचित असतं. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात जादा पैसे खात्यात ठेवलेले असतात. बाकी कमी दिसते, आणि आठवड्यात ते पैसे काढून घेतले की ती पुन्हा चढते. म्हणून एका दिवसाची बाकी न बघता सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघायचं. टॉप-अप लोन घराच्याच तारणावर असतं, पण पैसे कुठे गेले ते वेगळं विचारायला लागतं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली तर बँक दंड लावू शकत नाही. ‘फोरक्लोजरचे चार्जेस’ म्हणून कुणी हिशेबात रक्कम घातली असेल तर ती काढा. वेगळं झाल्यानंतर कुणी किती हप्ते भरले याचा तक्ता व्हॅल्युअर करत नाही, तो वकिलाकडे द्यावा.

पोटगीचा वाद चालू असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. २०२०मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं केलं. तिथे घराची किंमत ६० लाख लिहायची आणि वाटणीच्या टेबलावर ९५ म्हणायची, हे उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं.

आता जिथे सगळ्यात जास्त पैसे हरवतात ती जागा. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, मुंबईत विलेपार्ले, मुलुंड, चेंबूर. चाळीस वर्षांची सोसायटी, लिफ्ट नाही, तुलनेने कमी भाव. व्हॅल्युअर आजच्या अवस्थेतला भाव काढतो, दुसरा पक्ष पैसे घेऊन सही करून जातो, आणि दीड वर्षात इमारत पुनर्विकासाला जाते. घर ठेवणाऱ्याच्या हातात जास्त कार्पेट, कॉर्पस (विकसकाने दिलेली ठोक रक्कम) आणि नवी इमारत. तेव्हा पाहणीच्या आधी सोसायटीच्या सचिवाला एक पत्र द्यावं: पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)च्या प्रक्रियेत कुठवर पोचला आहे, विकसक निवडला आहे का, विकसन करार नोंदला आहे का, महापालिकेची बांधकाम परवानगी आली आहे का. प्रत्येक पायरीला किंमत वेगळी. नुसती सभेत चर्चा असेल तर फारसं वजन देता येत नाही, कारण अशा चर्चा दहा-दहा वर्षं चालतात. करार नोंदला असेल तर तिथे तुलनाच बदलते. मग आजचा जुना फ्लॅट मोजून भागत नाही, करारात लिहिलेलं नवं क्षेत्र घ्यायचं, नव्या इमारतीचा भाव लावायचा आणि त्यातून तीन-चार वर्षांची वाट आणि काम रखडण्याची जोखीम वजा करायची. ७०० चौ. फुटांवर ३५ टक्के जादा म्हणजे ९४५ चौ. फू. एवढ्यावरूनच फरक लक्षात येईल. विकसकाकडून मिळणारं भाडं, कॉर्पस, सामान हलवण्याची रक्कम कोणाला, हे कन्सेंट टर्म्समध्ये (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींमध्ये) स्वतंत्र लिहावं. आणि विषय अर्धवट पायरीवर असेल तर मी नेहमी सुचवतो की किमतीवर हुज्जत घालण्यापेक्षा एक कलम घाला: सहीपासून अमुक महिन्यांत विकसन करार नोंदला गेला तर जादा लाभाचा ठरलेला हिस्सा दुसऱ्याला. त्यावर दोघांची सही झाली की भविष्याचा अंदाज बांधायची व्हॅल्युअरवरची सक्तीही जाते.

सासऱ्याच्या जागेवर मुलाने आणि सुनेने मिळून बंगला बांधलेला असतो, हा तालुक्याच्या गावातला नेहमीचा प्रकार. जमीन सासऱ्याच्या नावावर, बांधकामाचं कर्ज दोघांचं. इथे जमीन आणि बांधकाम यांच्या किमती वेगळ्या काढून घ्याव्यात. बांधकामाची आजची पुनर्बांधणी किंमत, वजा घसारा, हा एक आकडा. जमिनीचा दुसरा. सुनेचा दावा झालाच तर पहिल्याच्या आसपास, खर्चाच्या पुराव्यावर. राहण्याचा हक्क ही निराळी बाब, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये तो सासऱ्याच्या घरालाही लागू होऊ शकतो असं म्हटलं, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे आणि त्याला बाजारभाव लावता येत नाही. मुंबईतली पागडीची खोलीही अशीच. भाडेपावतीवरचा हक्क मोजला जातो, मालकी नाही.

आकडा ठरल्यावर तो कोणत्या दस्तात बसवायचा, त्यावर मुद्रांक अवलंबून. लग्न टिकून असताना पती-पत्नीत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार लागू असेल तो. पण बक्षीस म्हणजे विनामोबदला. एका हाताने ३६ लाख घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने बक्षीसपत्रावर सही करायची, हे पुढे अंगाशी येतं. हुकूमनामा झाल्यावर तर पती-पत्नी हे नातंच उरत नाही. हक्कसोडपत्राची २०० रुपयांची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटचा हिस्सा सोडला तर त्या हिश्श्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं, पुण्यात अधिभारांसह साधारण ७ टक्के. मोबदला लिहिताना फक्त ३६ लाख लिहून चालत नाही. समोरच्याच्या वाट्याचं जे साडेपंधरा लाखांचं कर्ज आपण अंगावर घेतो तेही मोबदल्यातच, म्हणजे साडेएक्कावन्न लाख. त्यामुळे ५० लाखांची मर्यादा ओलांडून १ टक्का टीडीएसचा प्रश्नही उभा राहतो. हे सीएला दस्ताआधी विचारायचं. घर जर अर्जाचाच विषय असेल, तर तडजोडीचा हुकूमनामा नोंदवायची सक्ती नोंदणी कायद्यात नाही. अर्जात घराचा उल्लेखच नसेल आणि तडजोडीत ते आलं, तर आहे. मुद्रांक हा त्याहून वेगळा मुद्दा, महाराष्ट्रात हुकूमनाम्यानेही हस्तांतर झालं तर तो लागू शकतो. वकिलाकडून अर्जाचा मसुदा येतो तेव्हाच हे बघून घ्यावं.

रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना झाला की पुन्हा भांडण सुरू होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३बीखाली, संमतीच्या घटस्फोटात, पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ते माफ होऊ शकतं, पण दर वेळी होतंच असं नाही. तेवढ्यात १ एप्रिल येऊन रेडीरेकनर बदललेला असू शकतो. नवा रिपोर्ट मागवायची गरज नाही, त्याच व्हॅल्युअरकडून सुधारित पत्र घ्यावं: त्याच मापांवर, त्याच पद्धतीने, फक्त मधल्या काळातले व्यवहार जोडून. कन्सेंट टर्म्समध्ये ‘अमुक तारखेपर्यंत रक्कम दिली तर हाच आकडा, त्यानंतर सुधारित’ असं लिहिलेलं असलं की पैसे उशिरा देणाऱ्याला उशिराचा फायदा मिळत नाही.

तुम्ही घर सोडणारे असाल तर पैसे हातात येण्याआधी बँकेचं पत्र मागा, ज्यात कर्जदार म्हणून तुमचं नाव कमी केल्याचं लिहिलेलं असेल. हक्कसोडपत्र नोंदलं तरी बँक नाव आपोआप काढत नाही. घर ठेवणाऱ्याची एकट्याची मिळकत पुरेशी आहे का ते ती पाहते, आणि कधी नकारही देते. मग घर गेलेलं, हप्ता चुकला तर सिबिल मात्र दोघांचं बिघडलेलं, अशी स्थिती होते. सोसायटीकडे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नोंद करून घ्यावी. नवरा-बायकोतल्या हस्तांतरावर हस्तांतर अधिमूल्य (सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम) लागत नाही, आणि एरवीही ते २५,००० रुपयांच्या वर नेता येत नाही. हुकूमनाम्यानंतर अर्ज केला तर ‘आता तुम्ही कुटुंबात नाही’ म्हणून अडवणारे सचिव असतात. त्यामुळे तारखांचा क्रम इथेही आधीच बघून ठेवावा. मिळकतकर आणि वीजमीटरवरची नावं शेवटी, पण त्याच महिन्यात.